काच वाहत नाही, सूत मात्र म्हातारे होते

काही वर्षांपूर्वी भिवंडीत विज्ञान शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात बोलण्याचा योग आला. शिक्षकांबरोबर नववी-दहावीची काही मुलेही बसली होती. विषय होता पदार्थाच्या अवस्था. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, माझे मामा सुताच्या गोदामात कामाला आहेत. तिथे पॉलिएस्टर सुताच्या प्रत्येक खोक्यावर तारीख असते. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, जुना नि नवा एकत्र करायचा नाही, असा तिथे नियम आहे. पीठ जुने झाले तर त्यात किडे होतात. पण सूत तर प्लॅस्टिकचे. प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही असे आम्ही शिकतो. मग त्याला तारीख कशाला?"

मी काही बोलण्यापूर्वीच दोन शिक्षकांनी उत्तरे दिली. एक सर म्हणाले, "तारीख हिशेबासाठी असते. स्थायूचे कण आपली जागा सोडत नाहीत, तेव्हा सुतात बदल होण्याचा प्रश्नच येत नाही." शेजारच्या बाई म्हणाल्या, "तसे नाही. प्लॅस्टिक काचेसारखे असते आणि काच हा खरे तर द्रव आहे. युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा शेकडो वर्षांत वाहून खाली जाड झाल्या आहेत." मुलगी खाली बसली.

दोन्ही उत्तरे विश्वासाने दिलेली होती. दोन्ही कुठे ना कुठे छापलेली आहेत. आणि दोन्ही चूक आहेत. त्यात त्या शिक्षकांचा दोष मी मानत नाही. दोष आहे तो आपण वर्षानुवर्षे शिकवत आलेल्या 'स्थायू, द्रव, वायू' या धड्याचा. या धड्यात तापमान आहे, पण काळ नाही. हा धडा स्फटिकांना लागू पडतो. मिठाला, बर्फाला, तांब्याला लागू पडतो. मात्र ज्या गावातील मुलांची घरे पॉलिएस्टरच्या सुतावर चालतात, त्या गावात हा धडा अपुरा पडतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या धड्याची आणि त्याला जोडून सांगितल्या जाणाऱ्या खिडकीच्या गोष्टीची तपासणी आहे.

खिडकीची गोष्ट

आधी खिडकी पाहू. मध्ययुगीन युरोपातील काही काचा खालच्या बाजूस जाड आहेत, एवढे निरीक्षण खरे आहे. परंतु त्या काळी काचेचा तप्त गोळा नळीने फुगवून, गरगर फिरवून त्याची तबकडी करीत आणि तिचे तुकडे कापत. अशा तुकड्याची जाडी मुळातच सारखी नसे. जाड कड खाली ठेवून काच बसवणे कारागिराला सोयीचे होते. जाड कड वर किंवा बाजूला असलेल्या काचाही सापडतात, हे मात्र गोष्ट सांगताना वगळले जाते.

ब्राझीलमधील काचशास्त्रज्ञ एडगर झानोटो यांनी १९९८ मध्ये या समजुतीला आकड्यांनी उत्तर दिले. खोलीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहण्यास लागणारा काळ विश्वाच्या वयाहूनही कितीतरी मोठा निघाला. पुढच्याच वर्षी त्यांनी एका सहकाऱ्यासह आपले गणित सुधारून पुन्हा छापले. आकडा बदलला, निष्कर्ष बदलला नाही. ही दुरुस्ती मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण विज्ञान कसे चालते हे मुलांना त्यातून अधिक कळते. २०१८ मध्ये आणखी एका गटाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील मध्ययुगीन काचेसारखीच काच बनवून तिचा घट्टपणा मोजला. तो पूर्वीच्या अंदाजापेक्षा बराच कमी भरला. तरीही अशी काच १ अब्ज वर्षांत जास्तीत जास्त १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, वाहील असे हिशेबाने आले.

तेव्हा 'काच हा वाहता द्रव आहे' हे वाक्य वर्गात बोलू नये. पण मग 'काचेचे कण कायमचे जागच्या जागी असतात' हे तरी म्हणता येईल काय? इथेच दुसरी चूक सुरू होते.

गोठलेली गर्दी

मीठ वितळवून थंड केले की त्याचे कण ओळीने बसतात आणि स्फटिक तयार होतो. हे एका ठरावीक तापमानाला घडते. काचेचे तसे नाही. तप्त द्रव थंड होत जातो, घट्ट होत जातो, रेणूंची हालचाल मंदावत जाते आणि ओळ लागण्यापूर्वीच रेणू जवळजवळ अडकून पडतात. सभा संपल्यावर लोक दाराकडे निघावेत आणि अचानक कोणीतरी 'थांबा' म्हणावे, तशी ही गर्दी असते. ज्या तापमानाच्या आसपास हे घडते त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नेहमीच्या खिडकीच्या काचेसाठी ते सुमारे ५५० अंश सेल्सिअस असते. रेणूंच्या लांब साखळ्यांचे जे पदार्थ आपण प्लॅस्टिक म्हणून ओळखतो, त्या बहुवारिकांपैकी अनेकांना असेच संक्रमण असते. पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे १०० अंश, पाण्याच्या नळाच्या कडक पीव्हीसीसाठी सुमारे ८० अंश आणि पॉलिएस्टरसाठी सुमारे ७५ अंश आहे.

आता एक साधी वजाबाकी करू. खोलीतील काच आपल्या संक्रमणाच्या ५०० अंशांहून अधिक खाली आहे. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ४० अंशांवर पडलेले पॉलिएस्टर आपल्या संक्रमणाच्या जेमतेम ३५ अंश खाली आहे. दोघांनाही आपण 'स्थायू' म्हणतो. पण पहिल्यातील रेणूंची मोठी हालचाल माणसाच्या दृष्टीने संपलेली असते, तर दुसऱ्यातील अजून हळूहळू चालूच असते. पदार्थ वाहत नाही, आकार बदलत नाही. मात्र आतली अडकलेली गर्दी थोडी थोडी नीट बसत राहते. आकारमान किंचित घटते, घनता किंचित वाढते, पदार्थ अधिक ताठ होतो आणि बऱ्याचदा ठिसूळही. यालाच भौतिक वार्धक्य म्हणतात.

हे कुजणे नव्हे. उन्हाने प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात, ते रासायनिक बदल असतात आणि परत फिरत नाहीत. भौतिक वार्धक्यात एकही बंध तुटत नाही. तोच तुकडा काचसंक्रमणाच्या वर तापवून पुन्हा थंड केला की त्याचे वय पुसले जाते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. असे म्हातारपण फक्त काचेच्याच नशिबी आहे.

एक आलेख, जो धड्यात हवा होता

नेदरलँड्समधील एल. सी. ई. स्ट्रुइक यांचे बहुवारिकांच्या भौतिक वार्धक्यावरील पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एक आलेख या क्षेत्रातील प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतो. त्यांनी कडक पीव्हीसीचा तुकडा ९० अंशांपर्यंत तापवला, एकदम ४० अंशांवर आणला आणि त्याच तापमानाला तो वर्षानुवर्षे ठेवला. मधूनमधून त्याला हलकासा ताण देऊन तो किती वेगाने ताणला जातो हे मोजले. पहिली मोजणी सुमारे पाऊण तासानंतरची आहे, शेवटची १००० दिवसांनंतरची. तुकडा तोच, तापमान तेच, ताणही तोच. तरीही पाऊण तास वयाचा तुकडा जितके काही मिनिटांत ताणला जाई, तितके ताणले जायला म्हाताऱ्या तुकड्याला कित्येक महिने लागू शकतात. वय दसपट झाले की प्रतिसादाला लागणारा काळही साधारण दसपट होतो.

या आलेखाचे महत्त्व काय? ४० अंश हे प्रयोगशाळेतील विलक्षण तापमान नाही, आपल्याकडचे उन्हाळ्यातील दुपारचे तापमान आहे. पीव्हीसी हा दुर्मिळ पदार्थ नाही, शाळेच्या नळाचा पाइप आहे. आणि तरीही 'स्थायूचे गुणधर्म' या धड्यात वयाला जागा नाही. पदार्थ कोणता, तापमान किती, एवढेच आपण विचारतो. तो केव्हा थंड झाला आणि किती वेगाने, हे विचारत नाही. स्फटिकाच्या बाबतीत बहुधा ते विचारण्याची गरज नसते. काचेच्या बाबतीत त्यावाचून उत्तरच देता येत नाही.

आता सुताकडे वळू. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये शोधला. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला ते १९८२ साल. त्याच साली भिवंडीच्या जवळच, रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. संपानंतर कापडाचे बरेच काम यंत्रमागांकडे वळले आणि या धाग्याचे महत्त्वही वाढत गेले. पॉलिएस्टर सुमारे २८० ते २९० अंशांना वितळवून बारीक छिद्रांतून मिनिटाला सुमारे ३००० मीटर वेगाने ओढतात. वाटेत हवेच्या झोतात ते सेकंदाच्या अंशात थंड होते. रेणूंना नीट बसायला एवढा वेळ पुरणार कसा? ते अर्धवट ताणलेले आणि अर्धवट रचलेले असे अडकतात. या अर्धवट ताणलेल्या सुताला व्यापारात 'पीओवाय' म्हणतात. साठवणीत त्याला खेचण्यास लागणारा ताण आणि गरम पाण्यातील त्याचे आकुंचन हळूहळू बदलत जाते, हे त्या उद्योगात जुने ज्ञान आहे. म्हणूनच ते फार ताजे वापरत नाहीत आणि फार शिळेही होऊ देत नाहीत. पुढे तापवून, खेचून, पीळ देऊन त्याचे पक्के सूत झाले की मागचे बरेचसे वय पुसले जाते आणि हा बदल पुष्कळ मंदावतो.

इथे एक सावधगिरी. वेगवेगळ्या लॉटचे सूत एकाच ताण्यात आले आणि कापड रंगवल्यावर पट्टे पडले, तर ते सगळे वार्धक्याच्या माथी मारू नये. धागा किती खेचला, किती तापवला, त्यात किती स्फटिक झाले, यांचा रंग शोषण्यावर मोठा परिणाम होतो. वार्धक्य हे अनेक कारणांतील एक आहे. तरी मूळ मुद्दा तोच राहतो. सूत आपला इतिहास बरोबर घेऊन फिरते आणि गोदामातील नियम तो इतिहास सांभाळण्यासाठी आहे.

लहान आकाराची अडचण

इथपर्यंतचे चित्र जाड तुकड्यांचे झाले. १९९४ मध्ये केडी, जोन्स आणि कोरी या तिघांनी सिलिकॉनवर पॉलिस्टायरीनचे अतिशय पातळ थर चढवून त्यांचे काचसंक्रमण मोजले. थर सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा झाला की संक्रमण जाड तुकड्यापेक्षा सुमारे २५ अंशांनी खाली आले. १९९६ मध्ये फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी मोकळे, निराधार थर मोजले. तिथे २०-३० नॅनोमीटरच्या थरात ही घट ७० अंशांच्या घरात गेली. १०० अंशांना मऊ होणारा पदार्थ आता ३०-४० अंशांनाच मऊ होऊ लागला. पृष्ठभागावरील साखळीला एका बाजूने शेजारी नसतो. तिला हलायला मोकळीक मिळते आणि तिच्यामुळे खालच्या काही थरांनाही.

यावरून 'लहान झाले की लवकर म्हातारे होते' असा नियम काढण्याचा मोह होतो. लोकप्रिय लेखांत तो काढलेलाही दिसतो. पण तो पुरावा पाहता टिकत नाही. २००५ मध्ये प्रीस्टली, टॉर्केल्सन आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिलिक काचेच्या बहुवारिकात थराच्या वेगवेगळ्या खोलीवर वार्धक्याचा वेग मोजला. मोकळ्या पृष्ठभागापाशी तो आतल्या भागाच्या निम्मा भरला, तर सिलिकाला चिकटलेल्या बाजूस पंधराव्या भागाइतका उरला. म्हणजे दोन्ही कडांना वार्धक्य मंद! सिलिकाला बांधलेल्या साखळ्या हलूच शकत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. मोकळ्या बाजूच्या साखळ्या मात्र इतक्या सहज हलतात की त्या बऱ्याचशा आधीच नीट बसलेल्या असतात. बसायचे फारसे उरलेलेच नसेल तर म्हातारे तरी काय होणार? याउलट वायू वेगळे करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासच्या पापुद्र्यांत वार्धक्य जाड पापुद्र्यापेक्षा वेगाने होते. त्यांतून वायू जाण्याचे प्रमाण काही महिन्यांतच लक्षणीय घटते. संक्रमण खाली आल्याची मोजणीही पद्धतीवर अवलंबून असते. नमुना जितक्या झपाट्याने थंड करावा तितकी घट कमी दिसते. पुन्हा काळच आडवा येतो.

म्हणून 'नॅनो' हा शब्द जिथे तिथे चिकटवण्यापूर्वी वर्गात एक हिशेब करून घ्यावा. सुताच्या एका तंतूचा व्यास २० मायक्रोमीटर, म्हणजे २०,००० नॅनोमीटर धरा. त्याच्या कडेची १० नॅनोमीटरची साल वेगळी वागते असे माना. छेदाच्या क्षेत्रफळात या सालीचा वाटा किती? सुमारे ०.२ टक्के. आता ४० नॅनोमीटर जाडीचा निराधार थर घ्या. दोन्ही बाजूंच्या १०-१० नॅनोमीटरच्या साली मिळून निम्मा थर! तेव्हा सुताचे वार्धक्य हे मुख्यतः आतल्या भागाचे वार्धक्य आहे. लहान आकाराची अडचण भेडसावते ती संगणकाच्या चिपा कोरताना वापरल्या जाणाऱ्या बहुवारिकांच्या बारीक रेषांना. त्या रुंदीला इतक्या कमी असतात की धुऊन वाळवताना पाण्याच्या पृष्ठताणानेही एकमेकींवर कलंडू शकतात.

वार्धक्य म्हणजे फक्त नुकसान, असेही मुलांना वाटू देऊ नये. २०१३ मध्ये मॅकेना आणि सहकाऱ्यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील २ कोटी वर्षे जुन्या अंबराचा अभ्यास केला. अंबर म्हणजे झाडाच्या डिंकाची नैसर्गिक बहुवारिक काच. इतक्या काळाने ती तिच्याच तापवून 'तरुण' केलेल्या नमुन्यापेक्षा सुमारे २ टक्के अधिक घन झालेली आढळली. २ कोटी वर्षांत २ टक्के! म्हातारी काच ही अधिक स्थिर काच असते. आपल्याला ती नुकसान करणारी वाटते, कारण आपण वस्तू तिच्या तरुणपणीच्या गुणांसाठी बनवलेली असते.

वर्गात काय करता येईल

एक, काचेच्या मोजपात्रात मोहरी अलगद ओतावी आणि पातळी नोंदवावी. मग पात्र टेबलावर हलकेच, सारख्या जोराने आपटत १, १०, १०० आणि १००० ठोक्यांनंतरची पातळी नोंदवावी. माप ठोकून भरले की धान्य जास्त मावते हे दुकानदाराला ठाऊकच असते. मुलांना दिसेल ते असे, की पहिल्या काही ठोक्यांत पातळी झटकन उतरते आणि नंतर तेवढेच उतरायला कितीतरी अधिक ठोके लागतात. १९९५ मध्ये शिकागो विद्यापीठात मणी भरलेली नळी हजारो वेळा ठोकून हेच मंदावत जाणारे बसणे मोजले गेले. ठोका म्हणजे उष्णता नव्हे, ही फक्त उपमा आहे, हेही सांगावे.

दोन, शीतपेयाची रिकामी बाटली पॉलिएस्टरचीच असते. शिक्षकांनी स्वतः, चिमट्याने धरून, ती उकळत्या पाण्यात बुडवावी. बाटली आकसते, वेडीवाकडी होते. कारखान्यात ताणून फुगवलेल्या साखळ्या संक्रमणाच्या वर जाताच आपल्या जुन्या आकाराकडे धावतात. स्थायूला स्मृती असते, हे याहून स्पष्ट दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

तीन, धड्याच्या शेवटी दोन प्रश्न घालावेत. हा पदार्थ आपल्या काचसंक्रमणापासून किती दूर आहे? आणि तिथे तो किती काळ आहे? खिडकीची काच, नळाचा पाइप आणि सुताचे खोके, तिघांनाही हे प्रश्न लावता येतात. 'स्थायू की द्रव?' या एका प्रश्नाने तिघांपैकी एकाचेही वर्णन पुरे होत नाही.

त्या दिवशी मी मुलीला सांगितले, "तुझ्या मामांचा नियम बरोबर आहे. सूत कुजत नाही, पण बसत जाते." तिने लगेच विचारले, "मग परीक्षेत काय लिहू?" या प्रश्नावर मी अडखळलो. परीक्षेत तिला धड्यातलेच लिहावे लागणार होते. आजही तो धडा तसाच आहे. मामांकडून शिकलेली खरी गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहिली तर गुण जाण्याची भीती, अशी वेळ मुलीवर येत असेल, तर बदलायला हवा तो धडा. तो बदलेपर्यंत, अशा उत्तराला खोडी न काढता गुण देणे एवढे तरी आपल्या हातात आहे.